टॉनलगीचा खरा अर्थ

"कुठून आलात?"

घर दाखवायच्या आधी, माझं नाव विचारायच्या आधी, मी दारात सुटकेस धरून भिजत उभी असताना त्यांनी हा प्रश्न विचारला.

"मँचेस्टरहून," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असणार, असं धरून मी आवाज चढवला. "मँचेस्टर! इंग्लंडमधलं!"

"कुठे आहे ते मला ठाऊक आहे हो. म्हणजे काय, असं विचारतोय. अर्थ काय त्याचा?"

मँचेस्टरला अर्थ असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिथे मी शिकले होते, लग्न करून संसार मांडला होता, तिथल्या बसस्टॉपवर आयुष्यातले कित्येक तास उभी राहिले होते. पण असा विचार कधी मनाला शिवला नव्हता. शेवटी त्यांनीच उत्तर दिलं.

"स्तनाच्या आकाराच्या टेकडीवरची रोमन छावणी," ते म्हणाले आणि माझ्या हातावर किल्ली ठेवली. "हातोडा पडला. या आत. चहा घेणार?"

परका मुलुख, परका म्हातारा, आणि दारात आलेल्या बाईला हा स्वागताला असं काहीतरी ऐकवतो! आल्या पावली परत फिरावं असं मनात आलं होतं. पण सोमवारपासून तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं होतं आणि त्यांच्या घराला लागून असलेलं हे घर सोडलं तर पंचक्रोशीत भाड्याने मिळणारं दुसरं नव्हतं. गेले आत. चहा इतका काळा आणि कडक होता की चमचा उभा राहावा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट, उत्तर आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातली. वर्षभरासाठी म्हणून गेलेली मी तिथे चांगली दहा-अकरा वर्षं राहिले, आणि त्याचं निम्मं कारण हे घरमालक होते.

जन्मभर त्यांनी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला होता. निवृत्त होऊनही आवाज तसाच राहिला होता. ते स्वयंपाकघरात मीठ मागायचे आणि दोन शेतांपलीकडची गाय मान वर करायची. 'हातोडा पडला' हे त्यांचं पालुपद. लिलावात एकदा हातोडा टेबलावर आपटला की सौदा पक्का, मग राजा आला तरी बदलत नाही. त्यांचं मतही तसंच. एखाद्या नावाचा अर्थ सांगून त्यांनी 'हातोडा पडला' म्हटलं की वाद मिटला. त्यानंतर तोंड उघडणाऱ्याकडे ते, उशिरा बोली लावणाऱ्या बावळटाकडे बघावं, तसे बघायचे. आपण चुकलो असं त्यांनी उभ्या जन्मात कबूल केलं नव्हतं आणि हे ते अभिमानाने सांगत.

वेड एकच, नावांचं. माणसांच्या नावांचं नव्हे, ती ते हमखास विसरत, जमिनीच्या नावांचं. आपल्याकडे गावाच्या वाड्या असतात तशी तिकडे टाउनलँड असते. पण वाडीला निदान चार घरं लागतात. टाउनलँडला एखादी टेकडी, दोन बाजूंना ओढे आणि एक नाव एवढं पुरतं. माणूस नसला तरी बिघडत नाही. ही नावं मुळात आयरिश. पुढे इंग्रज मोजणीदारांनी ती कानाला जशी ऐकू आली तशी इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोंबली, त्यामुळे बहुतेकांचे अर्थ त्यांच्या पोटातच गुदमरून गेले. ते उकरून काढणं हा आमच्या मालकांचा धंदा. बिनपगारी आणि पूर्ण वेळ.

आमच्या टाउनलँडचं नाव टॉनलगी. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. त्याची नोकरी मँचेस्टरलाच होती, तो अधूनमधून बोटीने यायचा.

"अगं, पार्सल पाठवतोय. ॲड्रेस सांग फुल."

"टॉनलगी."

"काय लगी?"

"टॉनलगी रे."

"कुठे लगी? जोरात लगी का?"

हा विनोद त्याने पुढची दहा वर्षं केला. मालकांना मी तो हिंदीतला अर्थ समजावून सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत. विचारात पडले. "तसंही असू शकेल," म्हणाले. "पण नाही."

मी येण्याच्या काही वर्षं आधी टपालाच्या सोयीसाठी तिथल्या सगळ्या रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देण्यात आले होते. त्या दिवसापासून टाउनलँडची नावं पत्त्यातून गळत चालली होती. मालकांनी आपल्या घराचा नंबर निमूटपणे घेतला आणि तो खुराड्याच्या दारावर ठोकला. "कोंबड्यांना नंबर चालतो," म्हणाले. कोंबड्यांची नावं मात्र त्यांनी पत्त्यातून गळालेल्या टाउनलँडवरून ठेवली होती, कुणाच्या तरी तोंडी राहावीत म्हणून. सकाळी सकाळी मागच्या अंगणातून आवाज यायचा, "डेरीली दोन दिवस झाले अंडं देत नाही, तिला बघायला पाहिजे!" आणि दवाखान्यात त्याच दिवशी खऱ्याखुऱ्या डेरीलीचा कुणीतरी पेशंट माझ्यासमोर येऊन बसायचा. हसू दाबताना माझी पुरेवाट व्हायची.

त्या नावांनी मला धडा शिकवला तो वेगळाच. एका दुपारी निरोप आला, अघाबेगला एक आजोबा पडलेत, लगेच या. गाडी काढली, विचारत विचारत पोचले, दार वाजवलं. एका हसऱ्या बाईंनी आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, वर सफरचंदाचा टार्ट दिला. नवी डॉक्टर घरोघर ओळखी करून घेत फिरतेय असा त्यांचा समज. तिकडच्या रीतीप्रमाणे आधी हवापाणी, मग गाईगुरं, मग भारतात हत्ती किती, हे सगळं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "आजोबा कुठे आहेत?" बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "चर्चमागे. सात वर्षं झाली."

मी अघामोरला गेले होते. अघाबेग ओढ्याच्या पलीकडे. तिथले आजोबा तोवर स्वतःच उठून, लंगडत, बायकोशी भांडत बसले होते. नुसता पाय मुरगळला होता. संध्याकाळी मी मालकांच्या स्वयंपाकघरात जाऊन तावातावाने बोलले, की ही काय नावं ठेवायची रीत आहे, एक अघामोर नि एक अघाबेग!

"अघा म्हणजे शेत. मोर म्हणजे थोरलं, बेग म्हणजे धाकटं," ते म्हणाले. "त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "बुद्रुक आणि खुर्द!" मी जवळजवळ किंचाळलेच.

मग मला खुर्द-बुद्रुकचं सगळं पुराण सांगावं लागलं. एकाच नावाची दोन गावं, थोरलं बुद्रुक, धाकटं खुर्द. ते ऐकून त्यांना बसवेना, मध्येच उठून बाहेर गेले. अंगणात एक चक्कर मारून परत आले. नाक लाल झालं होतं.

"आणि तुमच्याकडच्या धाकट्या गावाला थोरल्याचा राग येतो?"

"येतो. जत्रेत मारामारीसुद्धा होते."

"बरं वाटलं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

त्या दिवसापासून मी नुसती भाडेकरू राहिले नाही, त्यांची शिष्या झाले आणि थोडीफार गुरूही. त्यांनी माझ्या आडनावाची चौकशी केली. मी सांगितलं, की शेवटी 'कर' असलं की समजायचं, त्या गावचा. नवऱ्याच्या गावाचं नाव त्यांनी चारदा म्हणून घेतलं आणि विचारलं, "कसं आहे ते गाव?"

"बघितलं नाही."

"तुमच्या यजमानांनी?"

"त्यांनीही नाही. सासऱ्यांनीही नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे गाव अंगरख्यासारखं अंगावर घालून तुम्ही अख्ख्या जगात फिरता, आणि ते आहे कसं हे माहीत नाही?"

"तसंच म्हणायचं."

"आमचं उलटं. आम्ही गावातून हललोच नाही आणि नाव मात्र हरवून बसतोय." ही गंमत त्यांना इतकी आवडली की पुढे महिनाभर त्यांनी सगळ्या परिसराला 'कर' लावला. पोस्टमन अघामोरकर, गुरांचे डॉक्टर डेरीलीकर, स्वतः टॉनलगीकर. रस्त्याच्या वळणावर नवा कोरा बंगला बांधलेल्या बाई होत्या, त्यांना कुठल्याच टाउनलँडचा अभिमान दिसेना, म्हणून त्यांचं नाव 'बंगलेकर' ठरलं. पोस्टमन एकदा मला दवाखान्यात हळूच विचारून गेला, "म्हातारा मला जे म्हणतो, ती तुमच्याकडची शिवी आहे का?"

तो काळ तिथे बरा नव्हता. रस्त्यांवर सैनिकांच्या चौक्या असत, गाड्या थांबवून चौकशी होई. एकदा मालक माझ्या गाडीत होते. पोरगेल्या सैनिकाने काचेतून वाकून नेहमीचा प्रश्न टाकला, "कुठून आलात? कुठे चाललात?" दुसरा कुणी असता तर दोन शब्दांत मोकळा झाला असता. आमच्या मालकांनी कोट झटकला, घसा साफ केला आणि वाटेत लागलेल्या एकेका टाउनलँडचा अर्थ सांगायला सुरुवात केली. मागे गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. मी घामाने भिजले.

"आणि तू कुठला?" त्यांनी शेवटी त्यालाच विचारलं.

"लेस्टरचा, सर."

"म्हणजे काय?"

सैनिक बिचारा भांबावला. त्याने माझ्याकडे बघितलं, जरासा हसला आणि म्हणाला, "ते नाही माहीत. पण आमच्या घराजवळ समोसे फार छान मिळतात, एवढं माहीत आहे."

"हे उत्तरसुद्धा चालेल," मालक म्हणाले, आणि आम्हाला जाऊ दिलं गेलं.

मालक प्रॉटेस्टंट होते, आणि आयरिश भाषा ही तिकडे कॅथलिकांची मालमत्ता समजली जाई. त्यामुळे स्वतःच्या चर्चमधले लोक त्यांच्याकडे जरा तिरपे बघत आणि पलीकडच्या चर्चमधले दोन्ही डोळे बारीक करून बघत. त्यांना कशाची पर्वा नव्हती. "नाव ठेवलं तेव्हा या दोन्हींतलं एकही चर्च नव्हतं," म्हणायचे. "तेव्हा फक्त गाई होत्या." या वेडातला त्यांचा एकुलता एक जोडीदार म्हणजे कॅथलिक चर्चचे पाद्री. त्यांना आयरिश उत्तम येत असे. एका टाउनलँडच्या नावातला 'किल' चर्चचा की जंगलाचा, यावर या दोघांचा वर्षानुवर्षं वाद चालू होता. पाद्री म्हणत जंगल, आमचे मालक म्हणत चर्च. एक आपल्या धंद्याच्या आणि दुसरा आपल्याच बोलण्याच्या विरुद्ध बोलतोय हे एकाच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

एका हिवाळ्यात लोकल हिस्टरीवाल्या मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये मालकांचं व्याख्यान ठेवलं. विषय, आपल्या परिसरातील नावे. हॉल भरला. नव्वदचं दशक लागलं होतं, टीव्हीचा कंटाळा आलेले लोक बाहेर पडू लागले होते, आणि व्याख्यानानंतर केक होता. मालक रंगात आले. डेरीली, ओकच्या झाडांचं पठार. ड्रमनामक, डुकरांचा डोंगरकणा. तिथला एक शेतकरी उठून वाकून नमस्कार करून बसला. टाळ्या, हशा. मग ते स्वतःच्या टाउनलँडवर आले.

"टॉनलगी," ते म्हणाले. "आयरिशमध्ये टोइन ल गीह. वाऱ्याकडे ढुंगण. हातोडा पडला."

हॉल जो हसत सुटला! मागच्या बाकावरचे म्हातारे शेतकरी एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मालक आवाज चढवून समजावत होते, की टेकडीची गोल, गुबगुबीत बाजू पश्चिमेला आहे, वारा तिकडूनच येतो, आणि तिथली गाय वारा सुटला की तशीच उभी राहते, जाऊन बघा. ज्याने हे नाव ठेवलं तो खरा कवी होता, असंही ते म्हणाले. त्या गदारोळात ते कुणाच्याच कानावर गेलं नाही. मी मात्र बघितलं, की पुढच्या रांगेत बसलेल्या बंगलेकर बाई हसत नव्हत्या.

शेकडो वर्षं त्या नावाचा अर्थ कुणाला माहीत नव्हता, म्हणून ते सुखात होतं. आता सगळ्यांना कळला. बंगलेकर बाईंच्या नातवंडांना शाळेत चिडवणं सुरू झालं. बाजारात कुणी विचारायचं, "काय, वारा कसा आहे तुमच्याकडे?" बाई माझ्याकडे रक्तदाब दाखवायला यायच्या, तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, मी वाईट बाई नाही. पण माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे." खरंच त्या वाईट नव्हत्या. मला त्यांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत होती.

आणि नेमकं तेव्हाच कौन्सिलने ठरवलं, की हरवत चाललेली टाउनलँडची नावं दगडात कोरून रस्त्याच्या कडेला उभी करायची. मालकांनी यासाठी किती अर्ज केले होते, किती उंबरे झिजवले होते! मात्र प्रत्येक दगडावर कोणतं नाव हवं ते तिथल्या रहिवाशांनी सभा घेऊन ठरवायचं होतं. आमच्या रस्त्यावर एव्हाना सात-आठ नवे बंगले उठले होते. बंगलेकर बाईंनी घरोघर जाऊन सगळ्यांचं मत जुळवलं. दगडावर 'विंडी हिल' कोरायचं. वाऱ्याची टेकडी. अर्थ तोच जवळजवळ, फक्त नको तो अवयव गाळून.

मालकांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्यामागे त्या शेतावर राहणारं कुणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ ऑस्ट्रेलियात वारला होता. दगडावर एकदा 'विंडी हिल' आलं की टॉनलगी हे नाव त्यांच्याबरोबरच जमिनीत जाणार, हे लख्ख दिसत होतं. आणि ते मारलं कुणी? त्यांच्याच व्याख्यानाने. जन्मभर जे नाव जगवायला धडपडले, त्याचा त्यांनीच सगळ्यांसमोर गळा घोटला होता. ते जेवेनात. कोंबड्यांशीही बोलेनासे झाले. मला त्यांची काळजी वाटू लागली, डॉक्टर म्हणून आणि त्याहून जास्त शेजारीण म्हणून.

"मँचेस्टरचे लोक लाजतात का?" एका संध्याकाळी ते एकदम म्हणाले. "त्यांनी बदललं का नाव?"

"त्यांना अर्थ माहीत नाही."

"हां," ते म्हणाले, आणि शेगडीतले निखारे सारखे करू लागले.

मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, की आमच्याकडे डोंगराला माथा असतो, खांदा असतो, कूस असते, सोंडसुद्धा असते. मग मागची बाजू असली तर काय बिघडलं? आणि तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. मी त्यांना 'बूड' हा शब्द सांगितला. भांड्याचं बूड, झाडाचं बूड, आणि पाहुण्याला 'जरा बूड टेका' म्हणतो तेही बूड. "तुमच्या टोइनलाही तळ, पायथा असा अर्थ आहे ना? मग सांगा की, वाऱ्याच्या बाजूचा पायथा. खोटंही नाही आणि कुणी हसणारही नाही."

त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेने बघितलं.

"डॉक्टर, तुम्ही फार हुशार आहात. पण ज्याने नाव ठेवलं त्याला पायथा म्हणायचं नव्हतं. त्याला ढुंगणच म्हणायचं होतं. त्याने गाय बघितली होती. मी त्याच्या तोंडात दुसरा शब्द कसा घालू?"



सभेच्या दिवशी हॉलमध्ये पुन्हा तीच गर्दी. बंगलेकर बाई उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता, नीट बोलल्या. नातवंडांबद्दल सांगितलं, पत्रिकेबद्दल सांगितलं. "आम्हाला इथे राहायला आवडतं," म्हणाल्या, "फक्त लाज न वाटता राहायचं आहे." लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली असती, पण शेजारी मालक बसले होते.

ते उठले. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाईंचं बरोबर आहे. माझं चुकलं."

 तिथे अशी माणसं होती जी या गृहस्थांना सत्तर वर्षं ओळखत होती, आणि हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हातोडा पडला होता की!"

"पडला होता," मालक म्हणाले. "चुकीचा पडला. आज उचलतोय."

मग त्यांनी सांगितलं, की व्याख्यानानंतर पुन्हा जुने नकाशे पाहिले, पुन्हा विचार केला. शब्द टोइन नाही, टॉन आहे. एक 'एन' की दोन, एवढाच फरक, आणि म्हाताऱ्या डोळ्यांनी घात केला. टॉन म्हणजे लाट. टॉन ल गीह, वाऱ्यावरची लाट. आणि मग हळूहळू त्यांचा लिलावाचा आवाज परत आला. जून महिन्यात आपल्या टेकडीवरचं गवत गुडघ्याला येतं, पश्चिमेचा वारा सुटतो, आणि हिरवी लाट कशी पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जाते, हे त्यांनी असं काही वर्णन केलं, की ऐन फेब्रुवारीत लोकांना ते गवत दिसायला लागलं. जन्मभर मरतुकड्या गाई चढ्या भावात विकणारा माणूस तो. "आता सांगा," ते म्हणाले, "हे नाव टाकून तुम्ही 'विंडी हिल' घेणार? विंडी हिल तर प्रत्येक गावात आहे. आहे का कुणाची बोली?"

पहिला हात मागच्या भिंतीजवळून वर गेला. पाद्रींचा. अख्ख्या हॉलमध्ये आयरिश येणारा तो दुसरा एकच माणूस. मी वळून बघितलं, तर ते अगदी निष्पाप चेहऱ्याने छताकडे बघत होते. मग एकेक करत बाकीचे हात वर गेले. सगळ्यात शेवटी बंगलेकर बाईंचा, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकं सुंदर नाव," त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आणि आम्ही काय समजत होतो!"

केक खाताना पाद्री मालकांजवळ आले. "सुरेख लाट होती," म्हणाले. "मी हे कन्फेशनमध्ये ऐकलं असं धरतो." कन्फेशनमध्ये कबूल केलेलं पाद्री कुणाला सांगत नाहीत, म्हणजे तोंडाला कायमचं कुलूप. आणि हे असं कन्फेशन होतं की जे मुळात दुसऱ्या चर्चच्या माणसाने केलं होतं. 'हातोडा पडला' म्हणायला आता मालकांची जीभ रेटत नसावी; त्या दोघांनी 'किल'बद्दल पुन्हा कधी वाद घातला नाही. मला त्याचं वाईट वाटलं.

मालकांना मी गाडीतून घरी आणलं. घराशी उतरताना मी विचारलं, "लाट खरी की खोटी?"

"सपशेल खोटी," ते म्हणाले. "पण नाव वाचलं."

दगड उभा राहिला. बंगलेकर बाईंनी पत्रिकेवर टॉनलगी मोठ्या अक्षरात छापलं आणि बंगल्याला 'द वेव्ह' असं नाव दिलं. शाळेतल्या मुलांनी भिंतीवर हिरवी लाट रंगवली. लोक घरापर्यंत येऊन मालकांचे हात हातात घ्यायचे, "किती काव्यमय नाव हो!" म्हणायचे, आणि त्यांना मान डोलवावी लागायची. त्यातलं एखादं माणूस निघून गेल्यावर ते मागच्या शेतात जाऊन गाईंकडे बघत उभे राहायचे. मी खिडकीतून बघायची. वारा असला की गाई तशाच उभ्या असायच्या, आणि खरं सांगते, मला हसू यायचं आणि रडूही यायचं.

नवऱ्याला लेस्टरला चांगली नोकरी मिळाली, मलाही तिथल्या हॉस्पिटलमध्ये काम मिळालं, तेव्हा निघायची वेळ आली. पाद्रींची त्याआधीच दूर बदली झाली होती. मालकांचं हृदय थकलं होतं; ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. निरोपाचा चहा नेहमीसारखाच काळाकुट्ट.

"डॉक्टर, तुम्ही तुमच्या भाषेत लिहिता ना कधी काही?"

"कधीतरी. दिवाळीला वगैरे."

"इथलं कुणी वाचेल ते?"

"इथलं? लेस्टरला माझा नवरासुद्धा वाचणार नाही."

"उत्तम," ते म्हणाले. मग खुर्चीत जरा पुढे सरकले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मीठ सोडून काही मागितलं नव्हतं. "मी गेल्यावर एकदा लिहा. नाव राहू दे तसंच, लाट राहू दे, बाईंचा बंगला सुखात राहू दे. पण मला चुकीचा ठरून जायचं नाही हो. कुठेतरी, कुणालाही वाचता येणार नाही अशा ठिकाणी का होईना, खरं लिहिलेलं असावं."

"लिहीन," मी म्हटलं.

"आणि तो तुमचा बूड नको. सभ्य शब्द नको."

"नाही घालणार."

ते त्यानंतरच्या वसंतात गेले. मला फोनवर बंगलेकर बाईंनी कळवलं, आणि रडत रडत सांगितलं, की दफनाच्या वेळी त्यांच्या चर्चच्या पाळकांनी वाऱ्यावरच्या लाटेवर फार सुंदर प्रवचन दिलं. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मात्र माझाही बांध फुटला.

लिहायला मला फार उशीर झाला, पण दिलेला शब्द आहे. तर लिहिते. टॉनलगी म्हणजे वाऱ्याकडे ढुंगण. लाटेबिटेचा काडीमात्र संबंध नाही. ते चुकले नव्हते.